मदत हवी आहे: गाय गाभडली, मग ह्यांना ताप. माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर एका कागदावर कसे आणू?

नमस्कार. फलटण तालुक्यातल्या एका वस्तीवरून लिहितेय. या मंचावर पशुवैद्यक आणि माणसांचे डॉक्टर दोन्ही येतात म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर चालवून घ्या.

आमच्याकडे सात एचएफ (होल्स्टीन) गायी, दोन कालवडी आणि चार शेळ्या आहेत. दूध डेअरीला जातं, थोडं वस्तीवरच रतिबाला. दिवाळीनंतर बाजारातून एक गाभण गाय आणली. तिने सातव्या महिन्यात गाभ टाकला. वार (गर्भाबरोबर बाहेर पडणारं आवरण) पडेना, तेव्हा ह्यांनीच हात घालून काढली. आमच्या भागात सगळे तसंच करतात, डॉक्टर येईपर्यंत गायीचे हाल बघवत नाहीत. वार बांधाच्या कडेला टाकली होती, ती रात्री कुत्र्यांनी ओढत पार विहिरीपर्यंत आणली. पुढे दीड-दोन महिन्यांनी आमच्या दावणीची जुनी गायही गाभडली.

ह्यांचा ताप या दोन्हींच्या मधे सुरू झाला. सकाळी माणूस बरा असतो, उसाला पाणी देऊन येतो. संध्याकाळी हुडहुडी भरते आणि रात्री इतका घाम येतो की बनियन पिळावं लागतं, उशीची खोळ बदलावी लागते. चार-सहा दिवस बरे जातात, परत तेच. कंबर धरली आहे, वजन उतरलंय. दिवसा चालते-फिरते दिसतात म्हणून 'कामाचा कंटाळा आलाय' असं लोक बोलतात, ते ऐकून फार वाईट वाटतं.

गावात विडाल करून टायफॉइड म्हणून सलाइन-इंजेक्शनं झाली. ताप उतरला, पुन्हा आला. तालुक्याला मलेरिया, डेंगी, छातीचा एक्स-रे झाला. आता कंबरेवरून मणक्याच्या टीबीची शंका आहे, एमआरआय सांगितलाय. या सगळ्या कागदांवर व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' एवढंच लिहिलंय. गोठ्याबद्दल कुणीही विचारलं नाही.

विचारलं ते पशुवैद्यकांनी. दुसऱ्या गायीच्या वेळी हातमोजे चढवता चढवता ते म्हणाले, "घरात कुणाला ताप येतोय का?" मी सांगितल्यावर ते थांबलेच. ब्रुसेला (गायी गाभडवणारा आणि माणसालाही ताप आणणारा जिवाणू) असू शकतो म्हणाले, दोन्ही गायींचं रक्त घेतलं आणि ह्यांचीही तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. हे मी तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं तर "जनावरांच्या डॉक्टरांनी जनावरांचं बघावं" असं उत्तर मिळालं. पशुवैद्यक म्हणतात, माणसाला तपासण्या लिहून द्यायचा मला अधिकार नाही. तेही खरंच आहे.

गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. तिची लस, रेतन, वेत सगळं त्या नंबरावर निघतं. पण तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेल्या माणसाच्या फायलीत गायीचं नावही नाही. माणूस, जनावर आणि परिसराचं आरोग्य एकत्र बघायचं म्हणून नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. ते काम आमच्यापर्यंत पोचायचं तेव्हा पोचेल. मला याच आठवड्यात दोन डॉक्टरांना एका कागदावर आणायचंय.

तर विचारायचं हे: ह्यांच्यासाठी नेमकी कुठली तपासणी मागू? डॉक्टरांना न दुखावता कसं सांगू? जाऊबाईंना पाचवा महिना लागलाय आणि त्या रोज शेण काढतात, माझा मुलगा लहानपणापासून धारोष्ण दूध पितो. त्या दोघांचं काय करू? आणि गायी ठेवायच्या कशा? दिराचं म्हणणं, रिपोर्ट यायच्या आत बाजार दाखवू. मला ते पटत नाही. आमच्याकडे आलं तसं दुसऱ्याच्या दारात जाईल.

प्रतिसाद: गोठ्यावरचा डॉक्टर (पशुवैद्यक)

ताई, तुमच्या पशुवैद्यकांनी योग्य तेच विचारलं. पाच महिन्यांनंतर गाभडणं, वार अडकणं, विकत आणलेल्या गायीपाठोपाठ घरची गाय गाभडणं, हे सगळं ब्रुसेलोसिसकडे, म्हणजे ब्रुसेलाच्या आजाराकडे, बोट दाखवतं. तरी लेप्टो आणि आयबीआर या दुसऱ्या आजारांतही गायी गाभडतात, त्यामुळे रिपोर्टआधी शिक्का नको. गाभडल्या गाभडल्या घेतलेलं रक्त कधी कधी निगेटिव्ह येतं. तसं आलं तर तीन आठवड्यांनी परत द्या. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथे नमुने जाऊ शकतात. शेळ्यांचंही रक्त द्याच. शेळ्यांमधला ब्रुसेला माणसाला जास्त जड जातो.

या जिवाणूचा सगळ्यात मोठा साठा वार, पडलेला गाभ आणि गाभाच्या पाण्यात असतो. ते उघड्यावर टाकायचं नाही. विहिरीपासून लांब खोल खड्डा घ्या, चुना टाकून पुरा, जागा चुन्याने किंवा ब्लीचिंग पावडरने धुवा. गाभडलेल्या दोघी वेगळ्या बांधा आणि त्यांची धार सगळ्यात शेवटी काढा. रिपोर्ट येईपर्यंत त्यांचं दूध रतिबात घालू नका, वासरांना पाजायचं तर उकळून. उकळलं की जिवाणू मरतो.

बाजाराबद्दल तुमचंच बरोबर आहे. काही देशांनी बाधित जनावरं काढून टाकून हा रोग संपवला. आपल्याकडे गोवंशहत्या बंदी आहे, त्यामुळे बाधित गाय एक तर दावणीला राहते नाहीतर बाजार फिरते आणि प्रत्येक नव्या गोठ्यात रोग सोडते. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात असा संशय कळवणं मालकाचं कर्तव्य आहे. तुमच्या पशुवैद्यकांमार्फत रीतसर नोंद करा. कुणी गायीला इंजेक्शनांचा कोर्स सुचवला तर त्यात पैसे घालू नका, गाय बरी दिसते पण जिवाणू आत राहतो.

प्रतिसाद: फिजिशियन, पुणे

पशुवैद्यकांना माणसाची तपासणी लिहिता येत नाही, पण गोठ्यात काय झालं हे लिहून देता येतं. त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी मागा: अमुक तारखांना दोन गायी गाभडल्या, पहिलीची वार मालकाने उघड्या हाताने काढली, ब्रुसेलोसिसचा संशय आहे, नमुने अमुक दिवशी पाठवले. खाली सही आणि फोन नंबर. निदान किंवा औषध काही नको. तो कागद फायलीत सगळ्यात वर लावा आणि डॉक्टरांना म्हणा, "ही माहिती आधीच्या नोंदीत आलेली नाही, तेवढी बघता का?" असा कागद समोर आल्यावर बहुतेक डॉक्टर तो बाजूला सारत नाहीत, मीही सारणार नाही.

तपासण्या: रोझ बेंगाल आणि ब्रुसेलाचं ॲग्लुटिनेशन टायटर (दोन्ही रक्तातली प्रतिपिंडं बघतात) आणि शक्य असेल तर ब्लड कल्चर (रक्तातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघणं). कल्चरला देताना 'ब्रुसेलाचा संशय' असं फॉर्मवर ठळक लिहायला सांगा, कारण यात लॅबमधल्या माणसांना लागण होते. एमआरआय टाळू नका. ब्रुसेलाही मणक्यात बसतो आणि टीबीसारखा दिसतो. यात वापरलं जाणारं रिफाम्पिसिन टीबीचंही औषध आहे, म्हणून आधी टीबीचा निकाल लागलेला बरा. निदान झालं तर साधारण ६ आठवडे दोन औषधं एकत्र घ्यावी लागतात. वृषणाला सूज किंवा दुखणं असेल तर तेही सांगायला सांगा, पुरुष ते लपवतात.

जाऊबाईंचं गोठ्यातलं काम आजपासून बंद. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना याच कागदाची प्रत द्या. ताप नसला तरी रक्त तपासू द्या, कारण यात गर्भपाताचा धोका असतो आणि या आजारावरचं नेहमीचं औषध डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. मुलाचंही रक्त द्या, धारोष्ण दूध बंद.

ही दरी जुनी आहे. माल्टात माणसांना येणाऱ्या तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला आणि गायी गाभडवणारा बर्नहार्ड बँग यांनी डेन्मार्कमध्ये १८९७ मध्ये. दोन्ही जवळचे नातलग आहेत हे अमेरिकेत ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. पुढे त्यांना स्वतःलाच या रोगाने गाठलं आणि त्या वर्षानुवर्षं आजारी राहिल्या.

प्रतिसाद: दावण

वहिनी, माझ्या थोरल्या भावाला हेच झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, दोन महिन्यांत सगळं परत आलं. दादांच्या गोळ्या मोजून तुम्हीच द्या. आणि पुढची गाय घेताना आधी रक्त तपासा, मगच पैसे द्या. विकणारा तयार नसेल तर ती गाय घेऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पशुवैद्यकांनी त्याच दिवशी कागद दिला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले. ह्यांचं रक्त पुण्याला गेलंय, एमआरआय उद्या आहे. जाऊबाई माहेरी गेल्यात, त्यांच्या डॉक्टरांकडे प्रत पोचली. दिरांना कायद्याचं वाचून दाखवलं, बाजाराचा विषय तूर्त थांबलाय. रतीबवाल्या घरांना मी स्वतः जाऊन दूध नीट उकळायला सांगितलं. दोन घरांनी दूध बंद केलं.

एक राहिलं. धाकटी कालवड पाच महिन्यांची आहे, तिला ब्रुसेलाची लस द्यायची राहिलीय. गोठ्यात संशय असताना आत्ता द्यायची, की आधी रक्त?

गोठ्यावरचा डॉक्टर

आधी रक्त, मग लस, कारण लसीनंतर रक्तात येणाऱ्या प्रतिपिंडांमुळे तपासणीत गोंधळ होतो. पण फार लांबवू नका. ही लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींनाच, आयुष्यात एकदा देतात. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. लस जिवंत जिवाणूची आहे, सुई टोचली तर माणसालाही लागण होऊ शकते. तेव्हा टोचताना कालवड धरायला घरातलं पोर नको, मोठा माणूस उभा करा, आणि त्याच्याही हातात मोजे असू द्या.