मदत हवी आहे: अटलांटाच्या लॉनमधलं हिवाळी तण

नमस्कार मंडळी,

आम्ही अटलांटाजवळ राहतो. लॉन बर्म्युडा गवताचं, म्हणजे आपली हरळीच. थंडीत ती वाळून पिवळी पडते आणि मधे तणाचे हिरवेगार पुंजके उठून दिसतात.

दोन तणं ओळखली. चौकोनी देठ, जांभळी फुलं, वरची पानं देठाला बिलगलेली, ते हेनबिट. फिकट हिरवे झुपके, कितीही खाली कापले तरी तुरे येतातच, ते पोआ ॲन्युआ. तिसऱ्यावर अडले आहे. जमिनीलगत पसरतं, पानं कोथिंबिरीसारखी पण फारच बारीक कातरलेली. हे बरवीड असेल का? वसंतात त्याला काटेरी बिया धरतात आणि आमची मुलं तिथेच अनवाणी खेळतात, म्हणून खरी काळजी त्याचीच आहे. ओळखायची नक्की खूण कोणी सांगेल का?

ही तणं शरद ऋतूत रुजतात. उगवणीआधीचं तणनाशक जमिनीचं तापमान २१ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरलं की टाकायचं असतं. ती वेळ गेली. २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालतं, पण पोआ गवतवर्गीय असल्याने त्याला काही होत नाही. हरळी पूर्ण सुप्त असताना ग्लायफोसेट (जवळपास सगळंच हिरवं मारणारं तणनाशक) मारता येतं, पण बुडाशी हिरवे कोंब दिसताहेत, त्यामुळे मला ते धोक्याचं वाटतं.

जॉर्जिया किंवा टेक्सासमध्ये कोणी हरळी न दुखावता पोआ घालवलं आहे का? कोणतं औषध, कोणत्या महिन्यात? की थोडं असेल तर तुरे येण्याआधी हातानेच उपटलेलं बरं?