मदत हवी आहे: लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, जुना गेम चालत नाही. शनिवारच्या आत!

गॅलरीतला_मी:
नमस्कार मंडळी. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. जुना गेम आहे, सीडी ओरिजिनल आहेत, कपाटात सापडल्या. कॉपी करून आणल्या, इन्स्टॉल पण झाला, पण आयकॉनवर डबल क्लिक केलं की काहीच होत नाही. एररसुद्धा येत नाही, नुसता कर्सर एकदा फिरतो. शनिवारी दादा येतोय पाच वर्षांनी, त्याच्या आत चालू व्हायला हवा. यूट्यूबवरचे सगळे उपाय करून झालेत, कृपया तेच परत सांगू नका.

जुना_पेंटियम:
कोणता गेम? कोणतं विंडोज? कॉपी म्हणजे फाइली पेनड्राइव्हवर ओढल्या की आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एकाच फाइलमधली प्रत, केली? यूट्यूबवरचे कोणते उपाय? हे काहीच सांगायचं नसेल तर आम्ही पंचांग बघून उत्तर देऊ का?
तरी सांगतो: यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या. दीड हजाराच्या आसपास मिळतो, सीडीही वाचतो. विषय संपला.

पेंग्विनराव:
विंडोज काढून लिनक्स टाका. वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) मध्ये जुने गेम विंडोजपेक्षा चांगले चालतात. स्वानुभव.

मनीमाऊ:
जुने गेम म्हटलं की रोड रॅश! आमच्या कॉलेजसमोरच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये होते. चौघींत एक तास घ्यायचो आणि शेजारच्या बाइकवाल्याला लाथ कुणी घालायची यावरून खरीखुरी भांडणं व्हायची. धाग्याबद्दल धन्यवाद, बरं वाटलं.

गॅलरीतला_मी:
गेम एनएफएस अंडरग्राउंड, म्हणजे नीड फॉर स्पीड, गाड्यांच्या शर्यतीचा. विंडोज सगळ्यांचं असतं तेच. लिनक्स नको, या लॅपटॉपवर बायकोचं ऑफिसचं काम चालतं.

जुना_पेंटियम:
“सगळ्यांचं असतं तेच”! माझ्याकडे अजून एक्सपी आहे हो. आणि अंडरग्राउंड पहिला की दुसरा? 2003 चा की 2004 चा?

गॅलरीतला_मी:
पहिला. ज्यात शहरभर भटकता येत नाही तो. दोन सीडी आहेत. विंडोज 11. आयएसओ ऑफिसातल्या जुन्या पीसीवर केल्या. करताना मध्येमध्ये रीड एरर येत होते, इग्नोर करत गेलो. हे महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

आजोबा_ऑनलाइन:
सीडीवर ओरखडे असणार. पांढरी टूथपेस्ट (जेल नको) बोटाने लावा आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नाही. शिवाय आमच्या चिरंजीवांनी लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खाचेत कॅडी (चौकट) घालून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली. विमानासारखा पळतो. तुम्हीही करून बघा.

गॅलरीतला_मी:
काका, माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. काढू काय?

सेक्टर_झिरो:
टूथपेस्ट ठेवा बाजूला, सीडी खराब नाही. या गेमला सेफडिस्क नावाचं कॉपी संरक्षण आहे. त्यात काही सेक्टर (सीडीवरचे डेटाचे छोटे तुकडे) कारखान्यातच मुद्दाम न वाचता येतील असे बनवतात. रीड एरर आले ते त्यामुळे. साध्या आयएसओत ते सेक्टर उतरत नाहीत, मग गेम सुरू होताना तपासणी होते आणि नकली ठरवून गप्प बसतो.

दुसरी भानगड विंडोजची. सेफडिस्कला secdrv.sys नावाचा ड्रायव्हर (विंडोजमधला छोटा मदतनीस प्रोग्राम) लागतो. तो थेट विंडोजच्या गाभ्यात चालायचा आणि 2007 मध्ये त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं होतं. 2015 मध्ये विंडोज 10 आलं ते त्याच्याशिवायच. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने 7 आणि 8 वरही तो बंद केला. 11 मध्ये अर्थातच नाही. त्यामुळे पेंटियमराव म्हणतात तसा बाहेरचा ड्राइव्ह आणून खरी सीडी घातली तरी गेम उघडणार नाही.

जुना_पेंटियम:
माझ्याकडे चालतो. ड्राइव्ह, सीडी, गेम, सगळं चालतं.

सेक्टर_झिरो:
तुमच्याकडे एक्सपी आहे. आत्ताच म्हणालात.

जुना_पेंटियम:
मग एक्सपी टाका! जुन्या गेमला जुनं विंडोज, हा साधा न्याय आहे.

पेंग्विनराव:
किंवा लिनक्स.

शेंगदाणा:
वेगळा धागा कशाला काढू, इथेच विचारतो. माझा टूम्ब रेडर 2 आयएसओवरून चालतो, पण संगीत गायब आहे. पावलांचे, गोळ्यांचे आवाज येतात. साउंड कार्ड बिघडलं असेल का?

सेक्टर_झिरो:
नाही. त्या सीडीवर संगीत ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर आहे. आयएसओत फक्त डेटा ट्रॅक येतो. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी बनवा म्हणजे ट्रॅकही उतरतील. विंडोज डबल क्लिकवर आयएसओ उघडतं, पण क्यू त्याला कळत नाही, त्यासाठी व्हर्च्युअल ड्राइव्हचा प्रोग्राम लागेल.

गॅलरीतला_मी:
अहो माझं काय? आज गुरुवार आहे.

रात्रपाळी:
एवढा काथ्याकूट कशाला? नो-सीडी क्रॅक (सीडीची तपासणी काढून टाकलेली गेमची फाइल) शोधा, गेमची एक्झी, म्हणजे मुख्य प्रोग्रामची फाइल, बदला, पाच मिनिटांत खेळ सुरू. 2004 पासून सगळं जग हेच करतंय.

जुना_पेंटियम:
आणि बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर कुठल्यातरी पोपट नाचवणाऱ्या साइटवरची एक्झी चालवा! उद्या तिच्या पासवर्डचं कोण बघणार, तुम्ही? त्यापेक्षा गॉग या गेम विकणाऱ्या साइटवरून विकत घ्या, तिथल्या गेमना असली कुलुपं नसतात.

सेक्टर_झिरो:
गॉगचा सल्ला एरवी उत्तम, पण हा गेम तिथे नाही. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या आणि खरी गाणी असली की परवान्यांची मुदत संपल्यावर पुन्हा विकणं अवघड होतं.

गॅलरीवाले, तुमच्यासाठी मार्ग आहे. सेफडिस्कशिम नावाचं मुक्तस्रोत साधन आहे. गायब ड्रायव्हरचं काम ते स्वतः करतं, गाभ्यात शिरत नाही. संरक्षण मोडत नाही, म्हणून खरी सीडी लागतेच. शिम टाका, कुणाकडून तरी यूएसबी ड्राइव्ह मागून आणा आणि गेम खेळताना जी सीडी मागतो ती घाला. तुमच्या आयएसओ कामाच्या नाहीत.

जुना_पेंटियम:
म्हणजे ड्राइव्ह लागलाच ना शेवटी? पहिल्या उत्तरात काय लिहिलं होतं मी?

सेक्टर_झिरो:
“विषय संपला” असं लिहिलं होतं.

मनीमाऊ:
😂 यूएसबी ड्राइव्ह जवळपासच्या फोटो स्टुडिओत विचारा. लग्नाच्या डीव्हीडी अजून तिथेच बनतात. मी आमच्या मुंजीची कॅसेट तिकडूनच करून आणली.

गॅलरीतला_मी:
चाललाआआआ! ड्राइव्ह खरंच फोटो स्टुडिओतून मिळाला, सोमवारपर्यंत द्यायच्या बोलीवर. आधी लॅपटॉपला दिसतच नव्हता, यूएसबी हबमधून काढून थेट लावल्यावर दिसला. शिम टाकलं, सीडी फिरली, तो विमान उडाल्यासारखा आवाज आला आणि गेम उघडला. सेक्टर_झिरो, पेंटियमकाका, दोघांचे आभार. मनीमाऊचे जास्त.
एक शंका: गाड्या आडव्या ताणल्यासारख्या दिसतात. इग्नोर करू का?

सेक्टर_झिरो:
यावेळी करू शकता. गेम 4:3 पडद्यांच्या काळातला आहे, तुमचा पडदा रुंद आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये स्केलिंगला “आस्पेक्ट रेशो राखा” असा पर्याय निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण गाडी गाडीसारखी दिसेल.

पेंग्विनराव:
लिनक्समध्येही ताणलेलाच दिसला असता, कबूल.

गॅलरीतला_मी:
काळे पट्टे आले, छान दिसतंय. दादा पोचला. चहा न घेता बसलाय, ड्रॅग रेसमध्ये दोनदा हरला. म्हणतोय उजवा बाण अडकतोय.

आजोबा_ऑनलाइन:
कीबोर्ड उलटा करून हलक्या हाताने झटका. लाडूचा चुरा असतो त्यात.