आंतरराष्ट्रीय परवान्याशिवाय परदेशात गाडी चालवता येते का?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जपानला जातोय. आईचे गुडघे दुखतात, म्हणून होक्काइदोत गाडी भाड्याने घ्यायची आहे. माझ्या परवान्यावर सगळं इंग्रजीत आहे. तेवढं पुरेल ना?

उत्तर: नाही पुरणार, दादा. जपानला आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे एक छोटी पुस्तिका, लागतो, आणि तोही १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला तिथे चालत नाही, म्हणून मुखपृष्ठावरचं वर्ष आधी बघा. मूळ परवानाही सोबत ठेवा. मी तो घरी विसरले होते, नुसती पुस्तिका दाखवली, आणि काउंटरवर गाडी नाकारली. त्यांचं चुकलं नाही. पुस्तिका म्हणजे परवान्याचं भाषांतर, एकटी ती काही कामाची नाही. मुलं सामानावर बसून होती, तो तास अजून आठवतो.

दुसरा प्रश्न: पण सगळ्याच देशांत लागत नाही ना?

उत्तर: नाही, देशागणिक नियम वेगळे. चीनच्या मुख्य भूमीत तर तो मान्यच नाही, तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो. स्कूटर घेणार असाल तर पुस्तिकेत दुचाकीच्या रकान्यात शिक्का हवा. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

प्रश्नकर्ता: ताई, आभार. ऑनलाइन एक जण लगेच काढून देतो म्हणतोय.

उत्तर: कृपा करून घेऊ नका! तुमचा परवाना ज्या देशाचा, तिथल्या अधिकृत यंत्रणेकडूनच काढा. आणि निघण्याआधी.