आई-बाबांना अलास्का क्रूझला न्यायचंय : व्हिसा, केबिन, जेवण, गुडघे... मदत हवी आहे

बीव्हर्टनकर

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं होताहेत. ते एप्रिलमध्ये आमच्याकडे ओरेगनला येतील. त्यांना सात रात्रींच्या अलास्का क्रूझला न्यायचं ठरवतोय. आम्ही कुणीच आजवर क्रूझ केलेली नाही, म्हणून इथे विचारतोय.

बाबा ३३ वर्षं माझगाव गोदीत फिटर होते. जहाजं बांधण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःचा समुद्रप्रवास म्हणजे मे महिन्यात गावी जाताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तेवढाच. गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाले, "जहाज पाण्यात सोडलं की आम्ही दुसऱ्या दिवशी पुढच्या कामाला. ते जातं कुठे, ते कधी बघितलंच नाही." तेव्हापासून हे माझ्या मनात आहे.

बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. आई ६८, दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर पंधरा-वीस मिनिटं चालते, जिन्याला मात्र त्रास होतो. ती माळकरी आहे, अंडंही चालत नाही. बाबांना मासे मिळाले की झालं. बरोबर मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड, मुलगी इथली नागरिक. आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, भारतीय पासपोर्ट.

सिअ‍ॅटलहून निघावं की व्हँकुव्हरहून? सिअ‍ॅटल आम्हाला जवळ पडतं आणि तिथून गेलं तर कॅनडाच्या व्हिसाची भानगड नाही असं वाटतंय, बरोबर ना? बोट लागते का, केबिन कुठे घ्यावी, आईच्या जेवणाचं काय, बंदरांवर उतरून तिला झेपेल असं काय आहे? अनुभवींनी सविस्तर लिहा, प्लीज.

मेघना_टाकोमा

थांबा, व्हिसाचं आधी वाचा. तुमची समजूत चुकीची आहे आणि हीच चूक आमच्या घरात झाली होती.

अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीचं जहाज फक्त अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवून परत आणू शकत नाही, मध्ये एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बहुतेक सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा ठिकाणी नोंदलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारं जहाज शेवटच्या संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तेवढ्यासाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. आम्ही उतरणारच नाही, केबिनमध्ये बसून राहू, असं सांगून भागत नाही.

माझ्या सासू-सासऱ्यांचं बुकिंग एका एजंटकडून केलं होतं. त्याने हे सांगितलंच नाही. सिअ‍ॅटलच्या बंदरावर बॅगांना पट्ट्या लागल्या, हमाल बॅगा घेऊनही गेला आणि मग काउंटरवरच्या मुलीने सासूबाईंचा पासपोर्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा चाळला. व्हिसा नाही म्हटल्यावर चढूच दिलं नाही. जहाजात गेलेल्या बॅगा परत मिळायला दोन तास लागले. सासूबाईंनी नातवासाठी बांधलेली लाडवांची पिशवी तेवढा वेळ मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. पैसे गेले ते गेलेच, पण तो चेहरा मी विसरू शकत नाही. कृपा करून हे आत्ताच करा.

आई-बाबा अजून भारतात आहेत ना? मग तिथूनच अर्ज करा. माणशी १०० कॅनेडियन डॉलर व्हिसाचे आणि ८५ बायोमेट्रिक्सचे. बोटांचे ठसे एकदा दिले की दहा वर्षं चालतात. इथे आल्यावर करायचं म्हटलं तर शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवा, वाट बघा, असं सगळं जूनच्या तोंडावर येईल. तुम्हा दोघांना कॅनडाचा व्हिसा नको, पण ग्रीन कार्डासोबत चालू भारतीय पासपोर्ट हवा. त्याची मुदत आजच तपासा.

खारा वारा

मेघनाताईंना अनुमोदन. आणि व्हिसा काढायचाच आहे, तर मी म्हणेन व्हँकुव्हरहून निघा.

कारण समुद्र. सिअ‍ॅटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. तिथे लाटा लागू शकतात. व्हँकुव्हरची जहाजं बेट आणि मुख्य भूमीच्या मधल्या आतल्या मार्गाने जातात, दोन्हीकडे डोंगर आणि पाणी बरंचसं शांत. आम्ही दोन्ही केलंय. सिअ‍ॅटलच्या वेळी पहिला अख्खा दिवस बायको आडवी होती. व्हँकुव्हरहून जाताना आम्ही सकाळी गॅलरीत चहा घेत किनाऱ्यावरची झाडं बघत बसलो होतो.

शिवाय व्हँकुव्हरला अमेरिकेचं इमिग्रेशन जहाजात चढण्याआधी कॅनडा प्लेस या तिथल्या क्रूझ धक्क्यावरच होतं. रांग मोठी असते. आईंसाठी व्हीलचेअरची मदत बुकिंग करतानाच मागून ठेवा.

ओवी२२

बोट लागण्याबद्दल. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या. झोपाळ्यासारखं आहे, टोकाला झोका जास्त, मध्ये कमी. पण लिफ्ट जवळ हवी. जहाजातले बोळ खूप लांब असतात. टोकाची केबिन मिळाली तर जेवायला जायचं म्हणजेच आईंची दिवसभराची चाल संपेल. आमच्या आईचं असंच झालं, तिसऱ्या दिवसापासून ती रात्रीचं जेवण केबिनमध्येच मागवायची.

गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. उलटीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर काही गोळ्या चालतही नाहीत. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आलेपाक जवळ असू द्या, त्याने बरं वाटतं.

अजून एक. न्हाणीघराच्या दाराला उंच उंबरा असतो. रात्री उठल्यावर अडखळायला होतं. प्लगचा छोटा दिवा घेऊन जा. भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक नेले तर काठी, पिशव्या, स्वेटर सगळं टांगता येतं. आणि पाण्याशिवाय आपल्या लोकांचं चालत नाही, तेव्हा प्लॅस्टिकची पिळायची बाटली प्रत्येकी एक. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

तारवटी

मी गोव्याचा. चौदा वर्षं क्रूझवर जेवणघरात काम केलं, त्यातले सहा मोसम अलास्काचे. आमच्याकडे जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. सासष्टीत गेलात तर दर दोन-चार घरांमागे एक सापडेल. त्यामुळे दादा, पहिली गोष्ट, काळजी करू नका. स्वयंपाकघरात आणि टेबलांवर आपली माणसं असतात. तुमची आई मराठीत बोलली तरी कोणीतरी ओ देईल.

बुकिंगमध्ये "शाकाहारी, अंडं नाही" असं लिहाच, पण त्यावर विसंबून राहू नका. पहिल्या संध्याकाळी लवकर जेवणघरात जा आणि हेड वेटरला भेटा. त्याला शांतपणे सांगा की आई मांस, मासे, अंडं काहीच खात नाही, डाळ-भात, भाजी, चपाती असली की पुरे. मग दर रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवशीचं सांगून ठेवायचं. आयत्या वेळी मागितलं तर स्वयंपाकघराला जमत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर चांगली फोडणीची डाळ येते. मी स्वतः शेकडो वेळा नेऊन दिली आहे.

फसायला होतं ते बुफेत. सूप भाज्यांचं दिसतं, पण खाली कोंबडीचा रस्सा असू शकतो. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचा मासा असतो. जेलीत आणि बऱ्याच मूसमध्ये जिलेटिन असतं. केकमध्ये अंडं धरूनच चाला. माळकरी माणसाला नंतर कळलं तर फार लागतं, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. विचारल्याचं आम्हाला कधीच वाईट वाटत नाही.

घरून किटली, इस्त्री, इंडक्शन काही आणू नका, तपासणीत काढून घेतात. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. गरम पाणी बुफेत मिळतं. चहाची प्रिमिक्स पाकिटं आणि एक थर्मास आणा. बंद पाकिटातला चिवडा, खाकरे चालतात, घरी केलेलं अन्न बऱ्याच कंपन्या आत सोडत नाहीत. आणि जहाजावरची फळं बंदरावर नेऊ नका.

हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर लावून जेवायला बसू नका. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसला ते नीट मारत नाही. बाबांना मधुमेह आहे, त्यांना जुलाब-उलट्या झेपणार नाहीत.

बीव्हर्टनकर

मेघनाताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. आजच बाबांना फोन केला, या आठवड्यात अर्ज भरतोय. खारा वारा, व्हँकुव्हर नक्की केलं. तारवटीदादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. "फोडणीची डाळ" ऐकल्यावर ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली की मग येते मी. इतके दिवस "तुम्ही जा, मी घरी राहते" चालू होतं.

आता इन्सुलिन, विमा आणि बंदरांवर काय करावं, एवढं सांगा. आणि बाबांना इंजिनरूम बघता येईल का?

ओवी२२

इन्सुलिन, सगळी औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड असेलच असं नाही, म्हणून औषधाचा फ्रिज आणि सुया टाकायचा डबा बुकिंगच्या वेळीच मागा. अलास्काचं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा एक तास मागे आहे, तेवढा डोसच्या वेळेत फरक. बंदरावर मात्र जहाजाची वेळ कोणती धरलीय हे बघूनच उतरा, मोबाइल वेगळी वेळ दाखवू शकतो.

विम्यात दोन गोष्टी बघा. आधीपासूनच्या आजारांचं काय लिहिलंय, आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्या खात्यावर पडतं, विम्याकडून नंतर मागायचं. हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर खर्च हजारो डॉलरांत जातो.

खारा वारा

बंदरं. रोज काहीतरी बुक करू नका, आई-बाबा थकतील. मी दोनच सुचवतो.

स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे. १८९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडल्यावर उडालेल्या धावपळीत हिचं काम सुरू झालं आणि १९०० मध्ये पूर्ण झालं. अरुंद रुळांची गाडी ३२ किलोमीटरमध्ये सुमारे ८७० मीटर चढते. नेरळ-माथेरानची आठवण येतेच. सगळं बसून बघायचं, तीन तासांच्या आत परत. चढताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. बाबांना ते जुने लाकडी पूल दाखवा.

जुनोला मेंडेनहॉल हिमनदी. बसने जाता येतं, आणि फोटो पॉइंटची वाट छोटी आणि डांबरी आहे, व्हीलचेअर जाते. केचिकनला मात्र पाऊस ठरलेलाच. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा. जूनमध्येही हिमनदीजवळ डेकवर वारा कापतो, कानटोपी आणि हातमोजे हवेतच.

जमलं तर ग्लेशियर बे ही हिमनद्यांची खाडी मार्गात असलेलं जहाज निवडा. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी असते. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबून सावकाश फिरतं, त्यामुळे केबिन कुठल्याही बाजूची असली तरी दिसतं. आधी गडगडाट येतो आणि मग बर्फाचा कडा पाण्यात कोसळताना दिसतो. तो दिवस पूर्ण जहाजावरच असतो, आईंना एक पायरीसुद्धा उतरावी लागणार नाही. त्या दिवसासाठी गॅलरीची केबिन घ्या, बाकी खर्चात काटकसर करा.

बाहेरच्या कंपनीची सहल घेतलीत तर परत यायला भरपूर वेळ हातात ठेवा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतं, इतरांसाठी थांबत नाही.

मेघना_टाकोमा

टिपचे पैसे माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लागतात, मुलीचेही. पाच जणांचे सात रात्रींचे मिळून बरेच होतात, आधीच हिशोबात धरा. आणि सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या नेटवर्कचं बिल येतं.

तारवटी

इंजिनरूमचं. काही जहाजांवर पैसे भरून पडद्यामागची सहल असते. मोठं स्वयंपाकघर, धोबीघर, ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती जागा) आणि इंजिनाचा नियंत्रण कक्ष दाखवतात. जागा मोजक्या असतात. चढल्याबरोबर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर विचारा, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. लोखंडी जिने असतात, बाबांना बंद बूट हवेत. आणि ते गोदीत होते हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगा. जहाजावरच्या माणसाला जहाज बांधणारा माणूस भेटला की तो वेळ काढतो, हा माझा अनुभव आहे.

बीव्हर्टनकर

बाबांचा एकच प्रश्न आलाय, जसाच्या तसा देतो : "जहाज कुठल्या गोदीत बांधलंय ते विचार."

तारवटी

जहाजाचं नाव ठरलं की सांगा, नेमकं शोधून देतो. ही मोठी जहाजं बहुतेक इटलीत मोनफाल्कोनेला, जर्मनीत पापेनबुर्गला, फिनलंडमध्ये तुर्कूला किंवा फ्रान्समध्ये सां-नाझेरला बांधली जातात. पुष्कळ जहाजांवर गोदीचं नाव आणि वर्ष असलेली पाटी लावलेली असते. पहिल्या दिवशी मधल्या मोठ्या जिन्याजवळच्या भिंती बघत बाबांना हळूहळू फिरवा.