जॉब ‘काढला’ म्हणजे नक्की काय केलं?

रात्रपाळी

आमच्या गटात बहुतेक जण मराठी. पाळी बदलताना कामाची नोंद आम्ही मराठीतच लिहितो. गेल्या महिन्यात एका नोंदीत वाक्य होतं: ‘रात्रीच्या बॅकअपचा क्रॉन जॉब काढला आहे.’ क्रॉन जॉब म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. मी वाचलं आणि समजले की नवा जॉब सुरू केला. दुकान काढलं, कर्ज काढलं, तसं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की जॉब बंद केला. पाटी काढली, चप्पल काढली, तसं.

प्रत्यक्षात दोन्ही झालं नव्हतं. पपेट हे अनेक सर्व्हरची मांडणी एका जागेवरून सांभाळणारं साधन. त्याने पपेटच्या मॅनिफेस्टमधून, म्हणजे सर्व्हरवर काय हवं ते लिहिलेल्या फाइलमधून, त्या जॉबच्या ओळी पुसल्या होत्या, पण सर्व्हरवर जॉब रोज रात्री ३ वाजता पूर्वीसारखाच चालत राहिला. त्याच्या जागी आणलेली नवी पद्धतही त्याच फोल्डरमध्ये लिहीत होती. चार दिवसांच्या प्रती खराब झाल्या.

चूक कुणाची हे विचारायचं नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. ‘काढणे’ला असे उलटे अर्थ कसे आले? आणि ठरल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामाला, ते सुरू करण्याला, बंद करण्याला आपल्याकडे नेमके शब्द कोणते?

शब्दवेल

‘काढणे’ प्राकृतातल्या ‘कड्ढ’पासून आलं. त्याचा अर्थ ओढणं, आतलं बाहेर आणणं. दोन्ही अर्थ तिथूनच फुटतात. बाहेर आलेल्या वस्तूकडे लक्ष असेल तर निर्मिती: चित्र काढलं, आवाज काढला. जिथून ती गेली त्या जागेकडे लक्ष असेल तर उणीव: काटा काढला, डाग काढला. म्हणून नोंदीत नुसतं ‘काढला’ लिहूच नये. ‘काढून टाकला’ म्हटलं की ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद अर्थ पक्का करतं. सुरू करण्यासाठी ‘लावला’ चांगला. गजर लावतो, शिकवणी लावतो, तसा जॉब लावला.

पहाटे पाच

‘लावला’ वाचलं आणि राहवलं नाही. शब्द आपल्याकडे तयार आहे: रतीब.

आमच्या घरी दुधाचा धंदा होता. लहानपणी मी वडिलांबरोबर पहाटे रतीब घालायला जायचो, आज सर्व्हर सांभाळतो. रतीब म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या घरी, ठरलेलं माप, आणि रोज कुणी मागायचं नाही. क्रॉन जॉब याहून वेगळा काय असतो? क्रॉनटॅबची, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीची, एक ओळ म्हणजे कधी घालायचं आणि काय घालायचं, एवढंच.

तुमचा घोटाळाही या शब्दात आधीच सांगितलेला आहे. गिऱ्हाईक गावाला गेलं आणि काही बोललं नाही, तर दूध थांबत नाही, पिशवी दारात पडून राहते. ‘उद्यापासून रतीब बंद’ असं सांगावं लागतं. पपेटचंही तसंच आहे. मॅनिफेस्टमधून ओळ गेली म्हणजे गिऱ्हाईक गप्प झालं. पपेट एजंट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा त्याचा प्रोग्राम, सर्वसाधारणपणे दर ३० मिनिटांनी येऊन सांगितलेल्या गोष्टी तपासतो, पण जिचं नावच निघालं नाही तिला हात लावत नाही. बंद करायचं तर त्याच नावाने ‘एन्शुअर’च्या (खात्री कर) पुढे ‘अॅबसेंट’ (गैरहजर) लिहावं लागतं.

आणि ‘खाडा’ही घ्या. सर्व्हर रात्री ३ वाजता बंद असेल तर साधा क्रॉन तो खाडा भरून देत नाही, दुसऱ्या रात्रीच येतो. अॅनाक्रॉन किंवा सिस्टिमडीचा टायमर (दोन्ही क्रॉनसारखीच साधनं), त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू केलं असेल तर, मशिन जागं झाल्यावर चुकलेला फेरा घालून टाकतो. आमचे वडीलही पावसात अडकले तर दुपारी का होईना, पोचवायचेच.

शब्दवेल

रतीब मूळ अरबी ‘रातिब’, म्हणजे नेमून दिलेलं. अर्थाने अगदी बसतो. पण लिखित मराठीत त्याला एक वाईट छटाही चिकटली आहे. ‘लेखांचा रतीब घालतो’ असं म्हटलं की भाराभर आणि सुमार असं ऐकू येतं. कार्यालयीन नोंदीत मी ‘नेम’ सुचवेन. नित्यनेमातला नेम.

पहाटे पाच

नेम मला पटत नाही. नेम धरतात तो वेगळा, आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी आहे. ‘बॅकअपचा नेम नाही’ असं कुणी लिहिलं तर रात्रपाळीवाल्यांचा पुन्हा तोच घोळ होईल. रतीबाची वाईट छटा ‘घालणे’ बरोबर येते. ‘रतीब लावला’, ‘रतीब बंद केला’ यात मला तरी ती ऐकू येत नाही.

शब्दवेल

हे मान्य. ‘काही नेम नाही’ माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रतीब घ्या.

विध्यर्थ

मी मराठी व्याकरण शिकवते. मुलगा याच क्षेत्रात आहे, त्याच्याकडून समजून घेऊन लिहिते आहे.

क्रियापदाचे अर्थ आपण शाळेत शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. साधी शेल स्क्रिप्ट, म्हणजे एकाखाली एक आज्ञा लिहिलेली फाइल, आज्ञार्थात बोलते: ‘ही ओळ जोड.’ दहा वेळा चालवली की दहा ओळी जोडते. पपेट किंवा त्याच प्रकारचं अॅन्सिबल विध्यर्थात बोलतं: ‘ही ओळ असावी.’ आहे तर ठीक, नाही तर आणावी. दहा वेळा म्हटलं तरी ओळ एकच. गणितात या गुणाला १८७० मध्ये गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी ‘आयडेम्पोटंट’ हे नाव दिलं. हिंदीतल्या पुस्तकांत तो ‘वर्गसम’ म्हणून भेटतो, कारण अशा राशीचा वर्ग केला तरी तीच राशी उरते.

म्हणून ‘प्रेझेंट’ला ‘असावे’ आणि ‘अॅबसेंट’ला ‘नसावे’ म्हणा. मग तुमच्या नोंदीतला घोळ व्याकरणातच दिसतो. ‘नसावे’ हे एक विधान आहे. ‘असावे’ पुसणं हे विधान नाही, ते मौन आहे. तुमच्या सहकाऱ्याने मौन पाळलं आणि त्याला वाटलं आपण ‘नसावे’ म्हणालो.

रात्रपाळी

‘असावे’ आणि ‘नसावे’ आजच वापरायला घेते.

मौनाचा आणखी एक प्रकार आम्हाला नडला आहे. अॅन्सिबलमध्ये एकाने ‘तास: ३’ लिहिलं आणि मिनिटाचा रकाना लिहिलाच नाही. त्याला वाटलं मिनिट शून्य धरलं जाईल. पण न लिहिलेला रकाना म्हणजे तारांकन, म्हणजे ‘प्रत्येक’. अहवालाचा मेल ३ वाजल्यापासून मिनिटाला एक असा ६० वेळा गेला. पपेटमध्येही असंच होतं. एका ठिकाणी न बोलणं म्हणजे ‘दखल नाही’, दुसऱ्या ठिकाणी न बोलणं म्हणजे ‘सगळे’.

विध्यर्थ

याला अध्याहृत म्हणतात. मराठीत अध्याहृत शब्द वाचणारा संदर्भाने भरतो. इथे तो आधीच ठरवून ठेवलेला आहे, संदर्भ विचारात घेतला जात नाही.

पंचांगवाला

क्रॉनटॅबला ‘पंचांग’ म्हणावं असं मला फार वाटायचं, कारण रकाने पाचच: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पण तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांपैकी सामाईक फक्त वार. आणि मोठा फरक अंगारकीचा. संकष्टी चतुर्थी आणि मंगळवार दोन्ही जुळले तरच अंगारकी. क्रॉनमध्ये तारखेच्या रकान्यात ४ आणि वाराच्या रकान्यात २ लिहिलंत तर काम दर ४ तारखेला होईल आणि शिवाय दर मंगळवारीही. दोन्ही रकाने भरले की क्रॉन ‘किंवा’ वाचतो. अंगारकी हवीच असेल तर काम दर ४ तारखेला लावा आणि आजचा वार मंगळवार आहे का, हे आज्ञेच्या आतच तपासा. पपेट आणि अॅन्सिबल ती ओळ जशी दिली तशी क्रॉनटॅबमध्ये लिहितात, त्यामुळे हा अर्थभेद तेही झाकत नाहीत.

कालवाकाठ

एक शब्द माझ्याकडून. दोनशे सर्व्हर एकाच वेळी बॅकअपवर तुटून पडू नयेत म्हणून मिनिट वाटून देतात. पपेटमध्ये त्यासाठी ‘एफक्यूडीएन रँड’ आहे. तो सर्व्हरच्या नावावरून मिनिट ठरवतो, आणि त्या सर्व्हरसाठी ते दर वेळी तेच येतं. आमच्याकडे कालव्याच्या पाण्याला शेजपाळी असते. म्हणावं का ‘शेजपाळी’?

पहाटे पाच

शब्द सुंदर आहे, पण शेजपाळीत एकाचं भिजवून झालं की शेजाऱ्याची पाळी. इथे कुणी कुणाची वाट पाहत नाही, दोन सर्व्हर एकाच मिनिटावरही येऊ शकतात. मी साधं ‘पांगवणे’ म्हणतो: ‘वेळा पांगवल्या.’

रात्रपाळी

आता नोंद अशी लिहिली आहे: ‘जुन्या बॅकअपचा रतीब बंद. मॅनिफेस्टमध्ये नसावे केले. सर्व सर्व्हरांचे क्रॉनटॅब पाहून खात्री केली.’ एक शंका उरली. ‘नसावे’च्या ओळी किती दिवस ठेवायच्या? आमचा एक जण म्हणतो, आठवड्याने पुसा, कचरा नको.

पहाटे पाच

आठवडा पुरत नाही. आमच्याकडे एक मशिन दुरुस्तीसाठी दोन महिने बंद होतं. ते परत जोडलं तोवर ‘नसावे’ पुसून झालं होतं. त्याच्या क्रॉनटॅबमध्ये जुनी ओळ तशीच होती, वर पपेटने लिहिलेली ‘पपेट नेम’ची (इंग्रजी नेम, म्हणजे नाव) टीपही शाबूत, आणि त्या रात्री ३ वाजता ते पुन्हा चालू झालं. शेवटचं मशिन एकदा तरी येऊन गेलं याची खूण दिसेपर्यंत ओळ राहू द्या.