जिनिंगमधील मजुराला कोरोनाच्या आजारपणाची मजुरी मिळते का?

प्रश्न (हिंगणघाट तालुका, जून 2021)
माझा धाकटा भाऊ येथील एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, दिवसाला 400 रुपये हजेरीने गठाणी बांधण्याच्या कामावर आहे. एप्रिलमध्ये त्याला कोरोना झाला, तो चौदा दिवस घरीच विलगीकरणात राहिला आणि त्या दिवसांची मजुरी मालकाने दिली नाही. आजारी मजुराची मजुरी सरकार भरते, असे गावात काही जण सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (बुटीबोरी)
मी एका कारखान्यात पगारपत्रके तयार करतो. गावातील समजुतीचे मूळ बहुधा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 29 मार्च 2020 च्या आदेशात असावे. परंतु तो टाळेबंदीत मजुरी कापू नये असे मालकांना सांगणारा होता, आणि 18 मे 2020 पासून तो लागूही राहिला नाही. आजारपणाची मजुरी मिळते ती कर्मचारी राज्य विम्यातून, म्हणजे 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या विमाधारक कामगाराला सरासरी रोजंदारीच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. तुमच्या भावाच्या हिशेबाने बारा दिवसांचे 3,360 रुपये झाले असते. मात्र एप्रिल 2021 मधील आजारासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2020 या सहामाहीतील किमान 78 दिवसांची वर्गणी लागते, आणि त्यातले सुरुवातीचे महिने तर कारखाने बंद असण्याचेच होते.

उत्तर (वणी)
भाऊ, त्याआधीच एक अडचण आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या 1948 च्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले असून, त्यांच्या व्याख्येत केवळ कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग करणारे कारखाने नावानिशी येतात. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात ज्या कामावर अनेक हात लागतात, त्यालाच हे संरक्षण नाही, हे मला अन्यायाचे वाटते. जिनिंगचा हंगाम काही महिन्यांचा असला तरी आजार हंगाम पाहून येत नाही.

प्रश्नकर्ता
त्याच आवारात सरकीची तेलघाणी आहे आणि हंगाम संपला की भाऊ तेथेच काम करतो. त्याने काही फरक पडेल का?

उत्तर (बुटीबोरी)
पडू शकेल, कारण वगळलेले आहेत ते केवळ जिनिंग-प्रेसिंग करणारे कारखाने; घाणीची नोंदणी वेगळी आहे का, ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या शाखेत लेखी विचारावे. तोवर वेतनचिठ्ठी पाहावी: विमा असल्यास 0.75 टक्के कपात दिसते. भविष्य निर्वाह निधीची कपात असेल, तर कोरोनासाठीचा परत न करावा लागणारा अग्रिम मिळतो; तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या 75 टक्के, यांतील कमी ती रक्कम. ते पैसे त्याचेच आहेत, ही मदत नव्हे.

प्रश्नकर्ता
चिठ्ठी पाहिली. निधीची कपात आहे, विम्याची नाही. अग्रिमाचा अर्ज उद्या भरतो आणि घाणीच्या नोंदणीबद्दल शाखेला पत्र देतो.