नारूच्या बाबतीत ‘शून्य रुग्ण’ हा आग्रह आता सोडावा का?

आडवाट :
१९८६ साली आफ्रिका आणि आशिया मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू (पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग) होत असे. २०२४ मध्ये जगभरात अवघे १५ रुग्ण आढळले. हे यश निर्विवाद आहे. परंतु २०१५ सालीही रुग्ण २२च होते, म्हणजे जवळपास दहा वर्षे गाडी तिथेच अडली आहे. २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांच्या अंगातून हाच जंत निघू लागला आणि निर्मूलनाची २०२० ची मुदत २०३० वर गेली. देवीच्या विषाणूला माणसाखेरीज आसरा नव्हता, नारूला आहे. म्हणून निर्मूलनाऐवजी नियंत्रण म्हणावे आणि तो पैसा विहिरी व हातपंपांकडे वळवावा. त्याने हगवणही आटोक्यात येईल.

बारवकाठ :
असहमत. ‘नियंत्रण’ कशाच्या बळावर करणार? नारूवर लस नाही, औषध नाही आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असेही नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवांमधून अळी पोटात जाते आणि साधारण वर्षभराने हातभर लांबीची किंवा त्याहूनही मोठी मादी पायातून बाहेर पडते, त्यामुळे आज ढिलाई केली तर तिचे फळ पुढच्या वर्षी दिसते. आपल्याकडेही पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याची पद्धत मोडावी लागली, फडक्याने पाणी गाळायला शिकवावे लागले, तेव्हा १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. (माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा, असे ती सांगे.)

आडवाट :
भारताचा दाखला इथे अपुरा पडतो. आपल्याला माणसांच्या सवयी बदलायच्या होत्या; इथिओपियात बबून माकडांना नारू होतो, त्यांना कोण बांधून ठेवणार? मालीत तर संघर्षामुळे कार्यकर्त्यांना गावात पोहोचणेच कठीण आहे. पाळत थांबवा असे मी म्हटलेले नाही, एवढे मात्र नोंदवतो.

पाणवठा :
माकडांचा मुद्दा खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. पण विहिरींचा पर्याय मला पटत नाही. चाडमधल्या कुत्र्यांना लागण मुख्यतः मासे आणि त्यांची फेकलेली आतडी खाऊन होते असे संशोधक मानतात, तेव्हा गावात हातपंप बसला म्हणून तळ्याकाठचा कुत्रा वाचत नाही. उलट आतडी पुरणे, लागण झालेला कुत्रा बांधून ठेवणे, तळ्यात अबेट हे अळीनाशक टाकणे (आपल्याकडे डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तेच) या उपायांनी फरक पडला आहे : २०१९ मध्ये एकट्या चाडमध्ये बाधित कुत्रे दोन हजारांच्या घरात होते, तर २०२४ मध्ये सर्व देशांतले बाधित प्राणी मिळून सातशेच्या आत आले. माणसांचा आकडा अडलेला दिसतो, तो याच काळात. राहिला संघर्ष. १९९५ मध्ये सुदानच्या यादवीत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी याच रोगासाठी शस्त्रसंधी घडवून आणली आणि ती जवळपास सहा महिने टिकली. ‘रुग्ण थोडे कमी करायचे आहेत’ असे सांगून बंदुका खाली ठेवायला कोण तयार झाले असते?